क्षणात वाळणाऱ्या शाईची ओली बाजू

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात डिजिटल छपाईच्या दुकानांत झुंबड उडते. पाण्याची बाटली, डबा, कंपासपेटी, काहीही न्या, त्यावर मुलाचे नाव आणि आवडते कार्टून पाच-दहा मिनिटांत छापून मिळते. यंत्राचे डोके इकडून तिकडे सरकते, त्याच्या बगलेला जांभळट दिवा पेटलेला असतो, आणि वस्तू हातात आल्याबरोबर तिच्यावर बोट घासले तरी रंग लागत नाही. काच, स्टील, लाकूड, प्लास्टिक, सगळ्यांवर ही छपाई बसते. जुन्या छपाईसारखी रॉकेलसदृश घाण येत नाही. त्यामुळे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचाही समज होतो की ही शाई ‘स्वच्छ’ आहे. हा समज अर्धाच खरा आहे.

या शाईला उद्योगात ‘रेडिएशन क्युरेबल’ म्हणतात. रेडिएशन हा शब्द कानावर पडला की अनेकांच्या डोळ्यांसमोर क्ष-किरण आणि अणुभट्टी येते. ती भीती प्रथम बाजूला ठेवलेली बरी. इथे रेडिएशन म्हणजे बहुतेक वेळा अतिनील प्रकाश, आणि काही मोठ्या कारखान्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत. छापलेली वस्तू किरणोत्सारी होत नाही, तिच्यातून काहीही उत्सर्जित होत नाही. प्रश्न आहे तो प्रकाश पडण्यापूर्वी शाई जिथे जिथे लागते तिथला, आणि प्रकाश पडूनही जो भाग कच्चा राहतो त्याचा.

मुळात ही शाई वाळतच नाही, ती गोठते. साध्या शाईतले पाणी किंवा द्रावक उडून जाते आणि रंग मागे राहतो. इथे उडून जाण्यासारखे जवळजवळ काही नसते. शाईचा द्रव भाग म्हणजे ॲक्रिलेट जातीचे छोटे रेणू, ज्यांना मोनोमर म्हणतात. त्यांच्यात साधारण ५ ते १० टक्के ‘फोटोइनिशिएटर’ मिसळलेला असतो. प्रकाश पडला की हा पदार्थ फुटतो किंवा उद्दीपित होतो, आणि त्याच्यामुळे मोनोमर एकमेकांचे हात धरू लागतात. सेकंदाच्या काही अंशात द्रवाचे घट्ट प्लास्टिक होते. दातात पांढरी फिलिंग बसवताना दंतवैद्य निळा दिवा धरतात ना, त्याच घराण्याचे हे रसायन. तिथे कॅम्फरक्विनोन नावाचा फोटोइनिशिएटर सुमारे ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने जागा होतो. पार्लरमध्ये दिव्याखाली पक्के होणारे जेल नेलपॉलिशही याच कुळातले.

या तंत्राचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. द्रावकाच्या शाईत छापणारे कामगार वर्षानुवर्षे वाफा हुंगत आले. डोकेदुखी, गुंगी, घशाची जळजळ हे त्यांना धंद्याचा भाग वाटत असे. किरणांनी घट्ट होणाऱ्या शाईने तो वास मोठ्या प्रमाणात घालवला आणि वाळवण्याच्या भट्ट्यांची वीजही वाचवली. ऑफसेट छपाईत असल्या शाया अनेक दशके वापरात आहेत. अडचण वाढली ती हे रसायन इंकजेटमध्ये आणताना.

ऑफसेटची शाई काकवीपेक्षा घट्ट असली तरी चालते, कारण ती रुळांवरून थापली जाते. इंकजेटमध्ये तीच शाई केसापेक्षा बारीक छिद्रातून, सेकंदाला हजारो वेळा, थेंब-थेंब उडवायची असते. एक थेंब साधारण १० पिकोलिटरचा धरला, तर चहाच्या एका चमच्यात असे ५० कोटी थेंब मावतील. त्यासाठी शाई पाण्याच्या जवळपास पातळ हवी. यंत्राचे डोके ४०-५० अंशांपर्यंत गरम करूनही तिचा दाटपणा पाण्याच्या दहा-पंधरा पटींपलीकडे जाऊन चालत नाही. ऑफसेटच्या शाईत मोठे, आडदांड रेणू घालता येतात. इंकजेटमध्ये ते घातले की छिद्र बुजते. म्हणून शाई बनवणाऱ्याला छोट्या, चपळ रेणूंचाच आधार घ्यावा लागतो.

सगळी गोम इथे आहे. रेणू छोटा असला की शाई पातळ होते, आणि रेणू छोटा असला की तो शरीरातही सहज शिरतो. विषशास्त्रात ढोबळमानाने धरतात की सुमारे ५०० डाल्टनपेक्षा हलका रेणू त्वचेतून आत जाऊ शकतो आणि १००० डाल्टनपेक्षा हलका आतड्यातून शोषला जाऊ शकतो. या शायांत नेहमी लागणारे मोनोमर २०० ते ३०० डाल्टनच्या घरातले आहेत. आयसोबोर्निल ॲक्रिलेट २०८, हेक्झेनडायॉल डायॲक्रिलेट २२६. म्हणजे छपाईच्या यंत्राला जो गुण हवा, तोच डॉक्टरला नको असलेला गुण आहे. ही शाई अधिक सुरक्षित करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाची सारी धडपड या एका पेचाभोवती फिरते.

त्याचा पहिला फटका बसतो तो छापणाऱ्याच्या हाताला. साधी शाई अंगावर सांडली तर सुकते आणि माणसाच्या लक्षात येते. ही शाई दिवा मिळेपर्यंत तासन् तास ओलीच राहते. दाराच्या कडीवर, मोबाइलवर, खुर्चीच्या हातावर, पँटच्या खिशाशी. डोके साफ करताना बोटाला लागलेला थेंब दुपारच्या डब्यापर्यंत पोहोचतो. काही आठवडे किंवा महिने काहीच होत नाही, आणि मग बोटांची टोके खाजू लागतात, लाल होतात, सोलतात, भेगा पडतात. कधी पापण्या सुजतात, कारण डोळे चोळायला तेच हात जातात. ही ॲलर्जी आहे. एकदा शरीराने तो रेणू शत्रू म्हणून ओळखला की ती ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही, आणि पुढे अगदी सूक्ष्म मात्राही पुरते.

अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांची संघटना दरवर्षी एका ॲलर्जीकारक पदार्थाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधते. २०१२ साली तिने ॲक्रिलेट निवडले होते आणि २०२० साली त्यातलेच एक, आयसोबोर्निल ॲक्रिलेट. या दुसऱ्याची कथा मधुमेहींना माहीत असावी. दंडावर चिकटवून साखर मोजणाऱ्या सेन्सरखाली काही रुग्णांना खाजरे चट्टे उठू लागले. २०१७ मध्ये युरोपातील त्वचारोगतज्ज्ञांनी शोध घेतला, तेव्हा सेन्सरच्या घडणीत हाच पदार्थ सापडला. छपाईच्या दुकानात पंचविशीत ही ॲलर्जी लागलेल्या तरुणाला पन्नाशीत असा सेन्सर लावायची वेळ आली, तर त्याची त्वचा काय म्हणेल? ॲक्रिलेटच्या नातेवाइकांपैकी एकाची ॲलर्जी झाली की दुसऱ्याचीही होण्याची शक्यता असते. दातांची फिलिंग आणि सांधा बसवताना वापरायचे हाडांचे सिमेंट, दोन्ही याच गोतावळ्यात येतात. तात्पुरत्या वाटणाऱ्या नोकरीची ही किंमत कोणी आधी सांगत नाही.

दुसरा रस्ता अन्नाचा. त्यासाठी २००५ सालच्या इटलीत जावे लागते. त्या वर्षी तिथल्या तपासणीत बाळांच्या तयार दुधात आयसोप्रोपिलथायोक्झँथोन, म्हणजे आयटीएक्स, नावाचा पिवळा पदार्थ सापडला. दुधाशी त्याचा काहीच संबंध नव्हता. तो खोक्यावरच्या शाईतला फोटोइनिशिएटर होता. नोव्हेंबरमध्ये इटालियन यंत्रणांनी नेस्लेचे सुमारे ३ कोटी लिटर दूध ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालमधूनही माल परत बोलवावा लागला. खोकी टेट्रा पॅकची होती आणि छपाई बाहेरच्या बाजूला होती. आत दुधाला लागणारा थर कोरा होता, मग शाई आत पोहोचली कशी?

उत्तर साधे आहे, म्हणूनच ते आधी सुचले नसावे. छापलेला कागद मोठ्या रुळावर गुंडाळला जातो. गुंडाळताना एका फेरीची बाहेरची, छापील बाजू पुढच्या फेरीच्या आतल्या बाजूला दाबून बसते. वरून पक्क्या दिसणाऱ्या शाईतले न गुंतलेले छोटे रेणू त्या दाबात पलीकडच्या थरावर उतरतात. पुढे तोच थर दुधाच्या संपर्कात येतो, आणि दुधातली चरबी त्यांना ओढून घेते. लिटरमागे काही शे मायक्रोग्रॅम एवढी ती मात्रा होती. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २००५ मध्ये मत दिले की आढळलेल्या पातळीला आरोग्याचा धोका संभवत नाही, पण हा पदार्थ अन्नात असणे इष्ट नाही. दोन्ही विधाने एकदम वाचायला हवीत. कोणतेही बाळ आजारी पडल्याचे सिद्ध झाले नाही हे खरे. आणि बाळाच्या दुधात काय जाते आहे हे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते, हेही तितकेच खरे.

२००९ मध्ये पुन्हा तोच धडा वेगळ्या वाटेने आला. न्याहारीच्या धान्यपदार्थांत ४-मिथाइलबेंझोफिनोन सापडले. हे पुठ्ठ्याच्या खोक्यावरच्या शाईतून वाफेच्या रूपात निघून आतल्या पिशवीतून धान्यात गेले होते. प्लास्टिकची पिशवी मध्ये आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हे तेव्हा कळले. स्वित्झर्लंडने १ एप्रिल २०१० पासून अन्नाच्या वेष्टनावरील शाईत कोणते पदार्थ चालतील त्याची यादीच कायद्याने लागू केली. ज्या पदार्थाची विषारीपणाबाबत पुरेशी तपासणी झालेली नाही, तो किलोभर अन्नात ०.०१ मिलिग्रॅमच्या वर उतरता कामा नये, अशी मर्यादा घातली. तांदळाच्या एका दाण्याएवढे वजन दोन टन अन्नात पसरावे, इतकी ती बारीक आहे. जर्मनीनेही २०२१ मध्ये असाच नियम केला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शाईवर प्रकाश पडला म्हणजे ती पूर्ण पक्की झाली, असे नसते. हवेतला प्राणवायू ही साखळी जोडण्याची क्रिया पृष्ठभागावर अडवतो. थर जितका पातळ तितका हा अडथळा मोठा, आणि इंकजेटचा थर जेमतेम १० मायक्रॉनचा. काळ्या आणि पांढऱ्या रंगात प्रकाश खोल जात नाही. दिवा जुना झाला, काचेवर धूळ बसली, घाईची ऑर्डर म्हणून यंत्राचा वेग वाढवला, की तळाशी कच्ची शाई राहते. बोट फिरवून किंवा चिकटपट्टी लावून ओढून हे कळत नाही. पृष्ठभाग कडक आणि आत ओल, अशी भाकरी प्रत्येक घरात कधी ना कधी झालेली असते. शिवाय शाई पूर्ण पक्की झाली तरी फोटोइनिशिएटरचा बराचसा भाग आणि त्याचे तुकडे साखळीत न अडकता सुटेच राहतात.

यावर उपाय नाहीत असे नाही. नत्रवायूच्या पडद्याखाली शाई घट्ट केली की प्राणवायूची लुडबूड थांबते. इलेक्ट्रॉनच्या झोताला फोटोइनिशिएटर लागतच नाही, पण ते यंत्र गल्लीतल्या दुकानाला परवडणारे नाही. फोटोइनिशिएटरचे रेणू एकमेकांना जोडून मोठे करता येतात, म्हणजे ते स्थलांतर करू शकत नाहीत. मात्र मोठा रेणू आला की शाई दाट होते आणि पुन्हा तोच छिद्राचा पेच.

एक अडचण सोडवताना दुसरी कशी ओढवते, याचे ताजे उदाहरण दिव्यांचे आहे. पूर्वीचे दिवे पाऱ्याचे होते. ते तापत, ओझोन सोडत, आणि फुटले की पारा. त्यांच्या जागी एलईडी आले ही उत्तम गोष्ट झाली. पण छपाईच्या एलईडीचा प्रकाश मुख्यतः ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतो. त्याला प्रतिसाद देणारे फोटोइनिशिएटर मोजकेच, आणि त्यात टीपीओ नावाचा फॉस्फिन ऑक्साइड सर्वांत सोयीचा, कारण तो पांढऱ्या रंगाला पिवळे करत नाही. तो शायांत आला, नेलपॉलिशमध्येही आला. प्राण्यांवरील अभ्यासांत प्रजननक्षमतेवर परिणाम दिसल्याने जून २०२३ मध्ये युरोपने त्याला अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत टाकले, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी झाली. आता जगभरचे शाई-उत्पादक पर्याय शोधताहेत. युरोपात नको झालेला माल दुसऱ्या बाजारांकडे स्वस्तात वळू शकतो. आपण त्या बाजारांपैकी एक होणार का, हे ज्याने त्याने नव्हे, शासनाने पाहायचे आहे.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असेही म्हणता येत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनुसार छापील बाजू अन्नाला थेट लागू नये आणि वर्तमानपत्रात अन्न बांधू नये. वडापाव आजही कुठे बांधून मिळतो ते वाचक जाणतातच. अन्नाच्या वेष्टनासाठीची शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाप्रमाणे असावी, असेही त्यात आहे. त्या मानकाने २०२० च्या सुधारणेत टोल्युइनला मज्जाव केला, ते योग्यच झाले. पण हे मानक प्रामुख्याने काय वापरू नये ते सांगते. निषिद्ध यादीत नाव नाही असा नवा रेणू आला, तर त्याला दार उघडे. प्लास्टिक वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. ती सगळ्यांची मिळून मोजणी, त्यात एखादा विशिष्ट फोटोइनिशिएटर कुठल्या कुठे हरवून जाईल. आणि ‘छापील बाजू अन्नाला लागू नये’ एवढ्याने भागत नाही, हे इटलीतल्या खोक्यांनी वीस वर्षांपूर्वी दाखवले. स्विस पद्धतीची चालणाऱ्या पदार्थांची यादी आणि निदान फोटोइनिशिएटरांसाठी स्वतंत्र मर्यादा, एवढे तरी भारतीय नियमांत यायला हवे.

मुलांच्या बाटल्या, मग, खेळणी यांवर दुकानात होणाऱ्या छपाईचे काय? तिथे अन्नाच्या वेष्टनाचे नियम पोहोचतील की नाही, हाच वादाचा मुद्दा. तोवर गिऱ्हाईकाने एवढे करावे: छपाई बाहेरच्या बाजूलाच, ओठ लागतात त्या कडेपासून दूर करून घ्यावी. दात येत असलेल्या बाळाच्या खेळण्यावर नकोच. वस्तूला उग्र गोडसर वास येत असेल किंवा छपाई चिकट लागत असेल, तर ती परत करावी.

दुकानातल्या माणसासाठी मात्र सल्ल्याने भागणार नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने रसायने आणि रंगांच्या संपर्काने होणारा त्वचादाह हा नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य रोग मानला होता. पण डिजिटल छपाईचे दुकान म्हणजे दोन यंत्रे आणि तीन मुले. कारखान्याच्या व्याख्येत ते बसत नाही, तपासायला कोणी जात नाही. बाटलीवरचे सुरक्षापत्रक असलेच तर इंग्रजीत, आणि सुट्या शाईबरोबर तेही येत नाही. हातमोजे असतात, पण लेटेक्सचे. त्यातून ॲक्रिलेट काही मिनिटांत आरपार जाते, आणि मग आतल्या घामट जागेत ते त्वचेला अधिकच भिडते. नायट्राइलचे हातमोजे बरे, तेही डाग पडताच बदलले तर. शाई हाताला लागली की थिनरने पुसण्याची सवय सर्वांत वाईट, कारण थिनर त्वचेचे संरक्षक तेल काढतो आणि रेणूला वाट करून देतो. साबण आणि पाणी पुरेसे आहे. शाई विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने मराठीतले एक पान आणि चार जोड नायट्राइल मोजे बाटलीबरोबर देणे सक्तीचे केले, तर शाईच्या किमतीत तो खर्च दिसणारही नाही.

आणि दवाखान्यांचीही यात बाजू आहे. सोललेल्या बोटांचा तरुण बाह्यरुग्ण विभागात येतो तेव्हा रांगेत त्याच्यामागे साठ जण असतात. साबणाची ॲलर्जी म्हणून मलम लिहिले जाते. स्टेरॉइडने आठवड्यात बरे वाटते, तो पुन्हा यंत्रापाशी जातो, पुन्हा सोलते. तिसऱ्या खेपेला नायटा समजून बुरशीचे औषध दिले जाते. इटलीच्या बर्नार्डिनो रामाझिनीने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला तो काम काय करतो हे विचारण्याचा आग्रह धरला. सव्वातीनशे वर्षांनंतरही केसपेपरवर ‘व्यवसाय’ हा रकाना बहुधा कोरा किंवा ‘नोकरी’ एवढाच भरलेला असतो. तिथे ‘यूव्ही प्रिंटिंग’ हे दोन शब्द आले तर पॅच टेस्टचा विचार होईल. त्यासाठी नेहमीच्या संचात नसलेले ॲक्रिलेटचे नमुने वेगळे मागवावे लागले, तरी ते वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांनी ठेवायला हवेत. चाचणी अठ्ठेचाळीस तास पाठीवर चिकटवून ठेवायची असते आणि पुढे दोन दिवसांनी पुन्हा पाहायची असते. रोजंदारीवरच्या मुलाला त्यासाठी दोन-तीन खाडे पडतात. ते खाडे परवडत नाहीत म्हणून तो येत नाही, आणि तो येत नाही म्हणून हा आजार कुठल्याच नोंदवहीत दिसत नाही.